दत्तादादाची गाडी आणि वहिनींचं माहेर

आमच्या कंपनीत एखादा पंप बंद पडला की लॉगबुकात नोंद होते. किती वाजता पडला, कोणी बघितला, काय केलं, सगळं. दत्तादादाच्या गाडीचं असं लॉगबुक कोणी ठेवलं नाही, त्यामुळे तिची सगळी दुखणी आमच्या डोक्यात साठलीत. कँटीनमध्ये चहाला बसलो की एक किस्सा निघतो, त्याला धरून दुसरा, आणि चहा गार होतो. नवीन आलेल्यांना वाटतं आम्ही वाढवून सांगतो. खरं तर आम्ही थोडं कमीच सांगतो, कारण दादा समोर बसलेला असतो.

आधी माणसं सांगतो. दत्तादादा फिटर, आमच्यात सगळ्यात मोठा, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. मिलिंद वेल्डर. शेडगे स्टोअरकीपर. आणि मी सुधीर, इलेक्ट्रिशियन. चौघेही महाडच्या एमआयडीसीत एकाच कंपनीत आणि राहायला बिरवाडीत, हाकेच्या अंतरावर. गाडी दादाची. फिक्कट निळी, वीस वर्षांची. दादाचं म्हणणं असं, की जो माणूस कंपनीचा कॉम्प्रेसर खोलून परत बसवतो, त्यानं स्वतःची गाडी गॅरेजला न्यायची म्हणजे लाजच झाली. म्हणून दर रविवारी दादाच्या अंगणात बॉनेट वर आणि आमची डोकी आत.

आणि वहिनी, म्हणजे दादाची बायको. त्यांना त्या गाडीकडून एकच गोष्ट पाहिजे होती. त्यांचं माहेर पोलादपूरच्या वर, महाबळेश्वर रस्त्याला, डोंगरातल्या एका वाडीत. तिथं त्यांची आई एकटी. भाऊ प्रकाश मुंबईला. एसटी दिवसातून दोनदा, तीही आली तर. पंधरा दिवसांतून एकदा आईला डोळ्यांनी बघून यावं, एवढीच वहिनींची मागणी. दादा म्हणायचा, "गो, आपली गाडी हाय ना." गाडी होती, हे खरं.

*

प्रत्येक काम झालं की एखादा नट, एखादा वॉशर, एखादी क्लिप उरायची. कंपनीत पंप बसवल्यावर असा बोल्ट उरला असता तर दादानं आम्हाला उन्हात उभं केलं असतं. पण घरी त्याचं शास्त्र वेगळं. त्याच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. त्यावर त्यानं मार्करनं लिहिलं होतं, 'यांच्याशिवाय चालते.'

उरलेला बोल्ट हातात घ्यायचा, उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "कंपनीवाल्यांनी जास्तीचा लावला व्हता." मग तो डब्यात.

एका रविवारी वहिनी चहा घेऊन आल्या. डबा उचलून त्यांनी जरा हलवून बघितला. "अहो, हा भरला. आता पिंप आणू का? म्हणजे दोन वर्षांत अख्खी गाडी त्यातच मावंल."

दादा गाडीखालून म्हणाला, "पिंप नको. गंजतंय त्यात." तो गंमत करत नव्हता.

*

माहेरी जायचं ठरलं की वहिनी पहाटेपासून कामाला लागायच्या. तांदळाच्या भाकऱ्या, आईला आवडतं म्हणून वालाचं बिरडं, एका बरणीत कैरीचं लोणचं. सगळं एका पिशवीत, पिशवी मांडीवर, आणि गाडी निघायची. पोलादपूरपर्यंत सपाट रस्ता, तिथवर ती चांगली चालायची. चढ लागला की तिला धाप लागे.

मग मला फोन. "सुधीर, मिल्याला घे आणि ये. मोठा पाना पण आण."

आम्ही बाईकवर पोचायचो तेव्हा गाडी कडेला उभी, चाकामागे दगड, दादा बॉनेटमध्ये आणि वहिनी मैलाच्या दगडावर बसलेल्या. पिशवी अजून मांडीवरच. दुरुस्ती व्हायला दुपार टळायची. आता वर जाऊन अंधाराच्या आत परत यायचं जमणार नाही, असं दादा म्हणायचा आणि वहिनी पिशवी उघडायच्या.

"खा भाऊजी. तुम्हीतरी खा."

ते बिरडं मी तीन वेळा खाल्लंय, रस्त्याच्या कडेला, हाताला ऑइल लागलेलं. चव अशी की बोटं चाटावी. पण घास गिळताना प्रत्येक वेळी वाटायचं की हे आपल्या वाट्याचं नाही. मिलिंदला एकदा मी हे बोललो, तर तो म्हणाला, "मला पण वाटतं. म्हणून तर मी लोणचं घेत नाय."

*

आमच्यात नवीन गाडी फक्त शेडग्यांकडे. चकचकीत, लाल. बॉनेट कसं उघडतात हे त्यांना आजही माहीत नाही. वेळ झाली की शोरूमला नेतात, सोफ्यावर बसतात, फुकटची कॉफी पितात, सही करतात आणि परत येतात. दादा त्यांच्याकडे असा बघायचा, जसं काही पोहायला येत असून माणूस होडीतून नदी ओलांडतोय.

पण शेडगे स्टोअरचा माणूस. स्टोअरचा नियम काय? जुना पार्ट जमा करा, मग नवीन घ्या. कंपनीत साधा बेल्ट बदलायचा तरी तुटका बेल्ट काउंटरवर ठेवल्याशिवाय ते नवीन देत नाहीत. मी एकदा जळलेला बल्ब फुटला म्हणून तसाच गेलो, तर मला काचा गोळा करून आणायला लावल्या होत्या. हीच सवय त्यांनी शोरूमला लावली. "जे बदललं ते जुनं मला परत पाहिजे." तिथल्या पोरी चक्रावल्या, पण त्यांनी गोणी भरून दिली.

गोणी आली दादाच्या अंगणात. दादानं एकेक वस्तू चटईवर मांडली. एअर फिल्टर झटकला तर कोरा. वायपर नुसते मळलेले. बेल्टवर अजून छापील अक्षरं वाचता येत होती.

"शेडगे, हे काय बदललं यांनी?"

"ते म्हणाले, बदललेलं बरं."

"आणि तुम्ही सही केलीत?"

शेडगे म्हणाले, "दत्ताराम, मला झोप लागते. तुझ्या गाडीत बसून गेलो की मला झोप लागत नाही."

दादानं वायपर उचलले, जरा कापले, घासले आणि स्वतःच्या गाडीला बसवले. तेव्हापासून शेडग्यांची गाडी सर्व्हिसिंगला गेली की निळ्या गाडीची दिवाळी असायची.

*

मिलिंदचं वेल्डिंग म्हणजे काय सांगू. बॉयलरच्या पाइपचा जॉइंट तो मारतो आणि त्याचा एक्स-रे निघतो, कधी नापास नाही. अशा माणसाला दादानं गाडीचा डाव्या बाजूचा दरवाजा दाखवला. लॉक लागत नव्हतं, वळणावर दरवाजा उघडायचा आणि वहिनी एका हातानं पिशवी, एका हातानं दरवाजा धरून बसायच्या.

"तात्पुरता एक टाका मार," दादा म्हणाला.

मिलिंदला तात्पुरतं येत नाही. त्यानं असा टाका मारला की दरवाजा आणि गाडी एकच झाली. नवीन लॉक मिळेपर्यंत महिना गेला. मागच्या सीटवर दादाचा जॅक, हत्यारं आणि 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला एक जुना गिअरबॉक्स, म्हणजे तिथं बसायची सोय नाही. तेव्हा वहिनींनी उजवीकडून चढायचं, गिअरवरून पलीकडे सरकायचं आणि उतरताना आधी दादा, मग त्याच बाजूनं वहिनी.

त्या महिन्यात गाडी एकदा वरपर्यंत पोचली. हँडब्रेक लागत नसे, म्हणून वाडीत थांबल्या थांबल्या दादा उडी मारून दगड शोधायला पळाला. आणि देवळापाशी बसलेल्या सगळ्या बायकांनी काय बघितलं? ड्रायव्हरच्या दरवाज्यातनं वहिनी उतरल्या, नवीन साडी, खांद्याला पर्स, आणि दत्ताराम वाकून चाकाला दगड लावतोय.

आईंनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, "माजी लेक बिरवाडीवरनं गाडी घेऊन आली. जावय क्लीनर हाय."

वहिनींनी ते खोडलं नाही. दादानंही नाही, आणि हे मला त्याचं फार आवडलं. घरी आल्यावर तो एवढंच म्हणाला, "म्हातारी खूश झाली रे." पुढं वाडीतला कोणीही भेटला की दादाला विचारायचा, "काय दत्ताराम, आज मालकीणबाई नाय?"

*

आता जे सांगतोय त्यात आमची चूक आहे. सगळ्यांची.

कंपनीत मशीनवर काम काढलं की आम्ही लाल टॅग लावतो, 'काम चालू आहे, सुरू करू नये.' खाली नाव आणि सही. आणि नियम असा, की ज्यानं टॅग लावला त्यानंच काढायचा. मॅनेजर आला तरी त्यानं हात लावायचा नाही. त्या टॅगमुळे माणसं जिवंत राहतात, त्यामुळे तो आमच्या रक्तात भिनलाय. दादानं घरी गाडीलाही तसाच टॅग बनवला होता, पुठ्ठ्याचा, स्टेअरिंगला सुतळीनं बांधायचा. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी दादा फर्स्ट शिफ्टला. माझी आणि मिलिंदची सुट्टी. सकाळी नवाच्या सुमारास वाडीतून शेजारणीचा फोन आला, आई अंगणात घसरून पडल्या, पाय टेकवत नाहीत. वहिनी धावत आमच्याकडे आल्या. शेडगे गाडी घेऊन लग्नाला गेलेले. निळी गाडी अंगणात, चावी लावलेली. मिलिंद चालवायला तयार. दरवाजा उघडला आणि बघतो तर स्टेअरिंगला टॅग. 'दत्ताराम.' खाली सही.

"काय काम निघालंय?" मी विचारलं.

वहिनी म्हणाल्या, "आतला दिवा लागत नाय म्हणून काल खोलला. तो दिवा, बाकी काय नाय. चला."

आणि आम्ही दोघं तिथंच उभे. खरं सांगतो, हात पुढं जाईना. मिलिंद म्हणाला, "दादाला विचारू." दादाचा मोबाइल कंपनीच्या गेटवर जमा. डिपार्टमेंटच्या फोनवर लावला, दादा वरच्या मजल्यावर काम करत होता, कोणीतरी निरोप घेऊन गेलं. पाऊण तासानं उत्तर आलं, "टॅग लावलाय तर कायतरी कारण असेल. मी आल्यावर बघतो. हात लावू नका."

गाडी कशाला पाहिजे, हे निरोप नेणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं. आणि आम्हीही परत फोन करून ते सांगितलं नाही. मिलिंद म्हणाला, "वहिनी, माझ्या बाईकवर बसा."

वहिनींनी आमच्याकडे बघितलं. "तिलापण टॅग असंल," म्हणाल्या, आणि पदर खोचून निघाल्या. रिक्षानं महाड, महाडवरून एसटीनं पोलादपूर, तिथून वर जाणाऱ्या कोणाच्या तरी टेम्पोत. पोचल्या तेव्हा दुपार झाली होती. आईंचा पाय मुरगळला होता, हाड शाबूत होतं. पण तोवर त्या बाई ओट्यावर पाय धरून लेकीची वाट बघत बसल्या होत्या. मला आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. पंचेचाळीस वर्षांचा माणूस मी, आणि पुठ्ठ्याला घाबरलो.

दादा घरी आला, सगळं ऐकलं. गाडीत बसला, टॅग सोडला, आणि नियमाप्रमाणे मागच्या बाजूला तारीख घालून सही केली.

वहिनी आठ दिवस माहेरी राहिल्या. आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "नवीन गाडी घ्यायची. जिला तुम्ही हात लावणार नाय अशी."

दादा म्हणाला, "घेऊ."

*

नवीन गाडी आली. पांढरी. पहिल्या रविवारी आम्ही सवयीनं अंगणात जमलो. दादानं बॉनेट उघडलं. आत सगळ्यावर काळं प्लॅस्टिकचं झाकण, कुठं नट दिसेना की वायर. फक्त एक निळं टोपण होतं.

"ह्यात काय?" मिलिंदनं विचारलं.

"काच धुवायचं पाणी," दादा म्हणाला. त्यानं ते टोपण काढलं, तांब्याभर पाणी ओतलं, टोपण लावलं. बॉनेट बंद केलं. सव्वादहा वाजले होते.

मग आम्ही चौघे खुर्च्या टाकून बसलो, आजाऱ्याला भेटायला आल्यासारखे. शेडग्यांना वाटलं दादाला बरं वाटावं, म्हणून ते म्हणाले, "दत्ताराम, शोरूमची कॉफी खरंच चांगली असते." दादानं नुसती मान हलवली. मला त्याचं वाईट वाटलं. वहिनी खिडकीतून बघत होत्या, त्यांनाही वाटलंच असणार, कारण त्या दिवशी चहा तीनदा आला.

निळी गाडी भंगारात द्यायला दादा तयार होईना. भंगारवाला दोनदा येऊन गेला, दोन्ही वेळा दादानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. तेवढ्यात वहिनींचा भाऊ प्रकाश मुंबई सोडून वाडीत आला, किराणा दुकान टाकलं, पोलादपूरवरून माल आणायला त्याला गाडी पाहिजे होती. वहिनी म्हणाल्या, "त्याला देऊन टाका." दादानं बिस्किटाच्या डब्यासकट देऊन टाकली. बॉनेटचं लॉक नव्हतं, सुतळी कशी बांधायची ते प्रकाशला दोनदा दाखवलं.

आता आईजवळ मुलगा होता. घरात माणूस होतं, दारात गाडी होती. त्यामुळे दादा म्हणायला लागला, "आता काय घाई नाय गो. जाऊ दिवाळीला." वहिनी बरं म्हणाल्या. नवीन गाडी अंगणात धुतलेली उभी राहायला लागली.

*

आणि हा शेवटचा.

एका शनिवारी संध्याकाळी प्रकाशचा फोन आला, "भावजी, गाडी उठत नाय." दादाच्या तोंडावर असं तेज आलं की शेडगे माझ्याकडे बघून हसले. रविवारी सकाळी पांढऱ्या गाडीच्या डिकीत हत्यारांची पेटी, पुढं दादा-वहिनी, मागं आम्ही तिघं. चढ कधी सुरू झाला कळलं नाही. वहिनींच्या मांडीवरची पिशवी पहिल्यांदा वेळेत वर पोचली.

बॅटरीच्या वायरीचा नट सैल होता. दोन मिनिटांचं काम. पण दादानं तासभर लावला, आणि काम करताना बोलायची त्याला सवय, त्यामुळे हा नट सैल झाला की वीज कशी पोचत नाही, मग गाडी कशी मेल्यासारखी पडते, हे त्यानं प्रकाशला, दुकानात आलेल्या गिऱ्हाईकांना आणि ओट्यावर बसलेल्या सासूला, सगळ्यांना समजावलं. दुपारी आईंनी कोंबडी केली होती. आम्ही अंगणात आडवे झालो, वहिनी आणि आई आत बोलत बसल्या. दिवस मावळायच्या बेताला निघालो.

पुढच्या शनिवारी परत फोन. नट सैल. त्याच्या पुढच्या शनिवारी परत. दादाच्या मते रस्त्याच्या खड्ड्यांनी गाडी हादरते, म्हणून नट सुटतो. शेडग्यांच्या मते गाडी विकायला पाहिजे. वहिनींचं काही मत नव्हतं, त्या शुक्रवारीच वाल भिजत घालायला लागल्या होत्या.

मला मात्र इलेक्ट्रिशियन म्हणून राग आला. आपल्या हातचा नट सुटतो म्हणजे काय? चौथ्या वेळी मी नवीन क्लॅम्प आणला, खाली स्प्रिंग वॉशर घातला आणि दोन्ही हातांनी जोर लावून असा आवळला की पाना करकरला. दादाला म्हटलं, "आता गाडी मोडेल, पण हा सुटायचा नाय."

पुढच्या शनिवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. रविवारी आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो. दादा पांढऱ्या गाडीचं काच धुवायचं पाणी बघत होता. वहिनींनी भिजवलेल्या वालांचं बिरडं केलं आणि आम्हालाच वाढलं.

तिसऱ्या शनिवारी फोन आला. दादानं तो अर्धाच ऐकला आणि पेटी काढली.

वर पोचल्यावर दादा, मिलिंद आणि शेडगे प्रकाशच्या दुकानात पाणी प्यायला गेले, वहिनी आत गेल्या, आणि मी सरळ बॉनेटची सुतळी सोडली. नट सैल. पण त्याचे कोपरे पार सोलून निघालेले, आणि क्लॅम्पवर काजळी. मी वाकून बघतच होतो, एवढ्यात आई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आल्या. पायानं अजून जरा लंगडत होत्या. त्यांनी आधी दुकानाकडे बघितलं, मग दाराकडे, आणि हळूच म्हणाल्या,

"पोरा, मागल्या टायमाला लय आवळलास रे. दोन शनवार सांडशी लावून झटले, माज्यानं हललाच नाय. आता जरा बेतानं आवळ."

मी पाना पेटीत ठेवला आणि नट बोटांनीच बसवला.